तारेखाली किती जागा

रविवार, ११ जानेवारी

ही गेल्या वर्षीची फवारणीची वही. पुढून औषधं, तारखा आणि लिटर. मागून आजपासून मी. जुनी फवारणीची वही या घरात कुणी उघडणार नाही, त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नाही.

खरं म्हणजे मला भीती वाटतेय.

ह्यांनी आज जेवताना सांगून टाकलं, की काढणी सुरू व्हायच्या आत उभा लोडर घ्यायचा. नाशिकच्या कृषी प्रदर्शनात ती वस्तू दिसल्यापासून ह्यांना, म्हणजे आमच्या महेशरावांना, दुसरं काही सुचत नाही. छोटंसं यंत्र, चाकांऐवजी रबरी पट्टे, पुढे बादली किंवा काटे लावायचे. बसायला सीट नाही. मागे एक पायरी असते, तिच्यावर उभं राहून चालवायचं. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाईल इतकं अरुंद. कॅरेट डोक्यावर घेऊन शेडपर्यंत आणणारी माणसं आता मिळत नाहीत हे मलाही दिसतं. केरू दरवर्षी सुरगाण्याहून टोळी आणतो, पण तिच्यात बायकाच जास्त. तरणी पोरं गुजरातेत कामाला जातात. यंत्र पाहिजे, कबूल.

पण उभं राहून, आणि तेही मंडपाखाली?

आमच्या बागेवर तारांचा सपाट मंडप आहे. डोक्यावर तारांची जाळी, जाळीवर वेल, खाली घड. तार जमिनीपासून सात फूट. हे पाच फूट अकरा. पायरी किती उंच, ते ह्यांना ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आसंल वीतभर. तू इंग्रजी वाचतीस ना? माहितीपत्रकं वाच, तुलना कर, आन् सांग कोणतं घ्यायचं. नायतरी तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच हे."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागेत निवृत्ती ट्रॅक्टरने फवारणी करत होता. मागचा नोझल बंद पडला म्हणून तो चालत्या ट्रॅक्टरवर क्षणभर उभा राहिला. तारेने टोपी नेली आणि टोपीखालचं कपाळ सोलून नेलं. दिंडोरीच्या दवाखान्यापर्यंत टॉवेल मी दाबून धरला होता. तो वाचला. आता केस पुढे ओढून फिरतो आणि मला बघितलं की हसतो. मला मात्र त्याच्या कपाळाकडे बघवत नाही.

ह्यांना हे सगळं माहीत आहे. माहीत असणं आणि टॉवेल धरणं यात फरक आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज पहिलं मशीन बघायला मिळालं, पिवळं. नाशिकच्या विक्रेत्याने टेम्पोत घालून पाठवलं, सोबत साई नावाचा डेमो देणारा. पंचविशीचा, डोळ्यांवर काळा गॉगल, बोलणं असं की कंपनी ह्याच्या वडिलांची. आजूबाजूचे सात-आठ शेतकरी जमले. साईने मशीन जागच्या जागी गरकन फिरवलं, खताची बादली उचलून दाखवली. सगळे खूश.

मग म्हणाला, "काका, ओळीच्या तोंडाशी वळायलाच जागा नाही तुमच्याकडं." जागा नव्हतीच. पूर्वेच्या बांधाकडे, जिथे मंडपाच्या तारा तिरप्या उतरून जमिनीत जातात, तिथे कमरेएवढे मातीचे उंचवटे होते, सासऱ्यांच्या वेळचे. दरवर्षी ट्रॅक्टर वळवताना हे त्यांना शिव्या घालतात. साईने अर्ध्या तासात सगळे खरवडून काढले आणि माती बांधापलीकडे लोटून दिली. अंगण सारवल्यासारखी जमीन. हे इतके खूश झाले की साईला घरात बोलावून श्रीखंड वाढायला लावलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं डोळ्यांत सलणारी जागा मोकळी झाली.

नंतर मी शिवणाची टेप काढली. पायरी अकरा इंच. म्हणजे ह्यांचं डोकं सहा फूट दहा इंचांवर. अकराव्या ओळीच्या तोंडाशी तार मोजली: बरोबर सात फूट. डोकं आणि तार यांच्यामध्ये दोन इंच. दोन इंचांत माझी तर्जनी मावते.

सगळ्यांसमोर मी ते सांगितलं. साई म्हणाला, "काकू, काका काय ताठ उभं राहून चालवणार आहेत का? वाकायचं थोडं." सगळे हसले. हेही हसले. मीही हसले, कारण नाही हसलं तर बाई घाबरट दिसते.

बुधवार, २१ जानेवारी

पिंपळगावला गेलो. तिथल्या एका कंत्राटदाराकडे लाल रंगाचं वापरलेलं मशीन आहे. पायरी नऊ इंच, म्हणजे पिवळ्यापेक्षा बरी.

ह्यांनी स्वतः चालवून पाहिलं. मोकळ्या मैदानात, वर आभाळ, तरी मी ह्यांच्या डोक्याकडेच बघत होते. हँडल सोडलं की मशीन जागीच थांबायला हवं असं मी माहितीपत्रकात वाचलं होतं, म्हणून ओरडून सांगितलं, "अहो, हात सोडून बघा." ह्यांनी सोडला. मशीन थांबलं नाही. हातभर पुढे गेलं, मग थांबलं. कंत्राटदार म्हणाला, स्प्रिंग जुनी झालीय, बदलून देतो.

हातभर. मी येताना गाडीत तेवढा एकच शब्द घोकत होते. निवृत्तीला हातभरसुद्धा लागलं नव्हतं.

घरी आल्यावर नऊ इंचांचा हिशेब करायला पुन्हा तार मोजली, तीच अकरावी ओळ. सहा फूट साडेदहा. मी दोनदा मोजलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मालात पाणी भरतंय, वजन वाढतंय. तार दरवर्सी उतरती, तू यंदा पहिल्यांदा बघतीस." ते खरं असणार. पंचवीस वर्षं मी या घरात आहे पण मंडपाची उंची मोजायला कधी गेले नव्हते. मोजायची वेळच कशाला आली असती?

शनिवार, २४ जानेवारी

सहा फूट साडेनऊ.

उलट्या टोकाला, पश्चिमेला जाऊन मोजलं. तिथे सात फूट. एकाच बागेत, एकाच दिवशी! कापडी टेप ताणली गेलीय की माझा हात कापतोय, ते कळेना. दिंडोरीत जाऊन लोखंडी टेप आणली. दुकानदाराने विचारलं, "घर बांधताय का काय वहिनी?" मी हो म्हटलं. खरं सांगून कोण हसं करून घेणार?

बुधवार, २८ जानेवारी

आज तिसरं आलं, नारंगी. हे चांगलं आहे. खोट काढायला बसले होते पण फारशी सापडली नाही. पायरी जेमतेम साडेसहा इंच. हँडल सोडलं की जागेवर थांबतं, मी चार वेळा करून बघायला लावलं. आणि चालवणाऱ्याच्या पाठीमागे एक गादीसारखी फळी आहे. मागे घेताना पाठ कशाला टेकली, फळी दाबली गेली, की मशीन आपोआप बंद. माणूस मशीन आणि खांब यांच्यामध्ये चिरडू नये म्हणून. ज्याने ही फळी बसवली त्याच्या घरात माझ्यासारखी कुणीतरी असणार.

ह्यांचं म्हणणं वेगळं. "द्राक्षाची काडी लागली तरी बंद पडंल. साईला फोन केला मी. तो म्हणतो ती फळी वायर जोडून बंद करता येती, सगळे तसंच करतात."

मी म्हटलं, "मग पायरीही काढून टाका आणि तारेला लोंबकळत चालवा." हे रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. बघण्यात कीव होती. त्यापेक्षा रागावलेले परवडतात.

नव्या टेपने अकरावी ओळ: सहा फूट आठ. म्हणजे नारंगीवर उभं राहून ह्यांच्या डोक्यावर अडीच इंच. पिवळ्यावर दोन उरत होते, तेव्हा तार सात फुटांवर होती. मशीन जसजसं बुटकं होतंय, तशी तारही बुटकी होतेय. अशाने जमिनीवर आडवं पडून चालवायचं यंत्र शोधावं लागेल.

हे लिहून स्वतःशीच हसले, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात काहीतरी चुकतंय, काय ते अजून सांगता येत नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

केरूची टोळी आली. दोन जीप. अठ्ठावीस बाया, पाच पुरुष. केरूची बायको बायडाबाई उतरल्या उतरल्या माझ्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी देऊन म्हणाली, "बाई, वाळल्या तुमी." दरवर्षी पहिल्या ओळीत पहिली कात्री तिची. दुसरी कुणी पुढे गेलेली तिला खपत नाही.

उद्यापासून शेड झाडणं, कॅरेट धुणं. साखर भरली की काढणी.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज कळलं काय चुकत होतं.

केरू बांधावर उभा राहून जमिनीकडे बघत होता. मी गेले तर म्हणाला, "बाई, ताणावरची माती कुठं गेली?"

मी म्हटलं, "मशीनने सपाट केली. वळायला जागा केली."

मग खाली बसून त्याने तिरप्या तारेवर हात ठेवला. अठरा वर्षांपूर्वी हा मंडप उभारताना सासऱ्यांबरोबर खड्डे खणायला तो होता. त्याने मला सांगितलं ते असं. मंडपाचं सगळं वजन काही खांबांवर नसतं. कडेच्या तिरप्या तारा ते ओढून धरतात, त्यांना ताण म्हणतात. प्रत्येक ताणाच्या खालच्या टोकाला एक मोठा दगड बांधून जमिनीत पुरलेला असतो. इथे खाली कातळ लागला, खड्डे खोल गेले नाहीत, म्हणून सासऱ्यांनी दगडांवर वरून माती चढवली. ते उंचवटे म्हणजे दगडांवर बसवलेलं वजन.

"समदा माल लोंबतोय आता," केरू म्हणाला. "दगड हळूहळू उखडतोय. आन् ह्यो कोपरा गेला का समदं जाईल, बाई."

दगड वर येतोय म्हणून ताण सैल पडतोय. ताण सैल पडतोय म्हणून तार खाली येतेय. मी अडीच आठवडे टेप घेऊन तार मोजत होते आणि डोक्यात एकच: ह्यांचं डोकं. टेप बदलली मी. हाताला दोष दिला. आणि इथे अख्खा एकर इंच इंच खाली येत होता.

ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. पण माणसं समोर होती. म्हणाले, "पोत्यांत माती भरून ठेवू दगडांवर. आन् बांबूचे टेकू लावू. दोन दिवसांचं काम हे." केरूने मान हलवली. मालक बोलल्यावर मुकादम मान हलवतो, ती मान कशी हलली हे मला नीट कळलं नाही.

मी विचारलं, "पण उंचवटे परत घालायला हवेत ना?" माती बांधापलीकडे ओढ्यात गेली होती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पन्नास पोती, बारा टेकू. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, घडातले मणी पिळून साखर तपासून गेला. गोडी बरोबर आहे, काढणी परवा, शुक्रवारी सकाळी. गाडी नऊला येणार.

अकरावी ओळ: सहा फूट सात. काल सकाळीही सहा फूट सातच होती. म्हणजे थांबली. हे म्हणाले, "झालं समाधान?" मी झालं म्हटलं. झालंही होतं, दुपारी पुन्हा टेप हातात घ्यावीशी वाटेपर्यंत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सहा फूट साडेसहा. कोपऱ्यातल्या दगडामागे जमिनीत भेग आहे. तिच्यात माझं बोट जातं.

हे म्हणाले, पोत्यांच्या वजनाने जमीन दबली असेल. असेल. मी आता कुठल्याही कारणाला असेल म्हणू शकते. कारणं संपत नाहीत आणि तार खाली येतेय. उद्या अठ्ठावीस बाया तिच्याखाली वर मान करून घड कापणार. वर मान केलेलं माणूस पळायला उशीर करतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कुणाला काही झालं नाही. आज एवढंच लिहवतं.

रविवार, ८ फेब्रुवारी

नीट लिहिते. कुठेतरी लिहिलंच पाहिजे, आणि बोलता तर येणार नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला टेप लावली. सहा फूट पाच. एका रात्रीत दीड इंच. भेगेत दोन बोटं गेली. बाया टोप्या आणि हातमोजे घालून ओळींच्या तोंडाशी उभ्या होत्या, बायडाबाई सर्वांत पुढे. मी तिच्या आणि ओळीच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज आत कुणी जायचं नाही."

नऊला गाडी आली. कंपनीचा माणूस आला. ह्यांनी मला बाजूला घेतलं, मी सगळं सांगितलं, ह्यांनी स्वतः जाऊन भेग पाहिली. मग केरूला विचारलं. केरू म्हणाला, "शेठ, टिकंल बी, न टिकंल बी." ह्यांनी तेवढं अर्धंच ऐकलं. मी ह्यांना दोष देत नाही. अठरा वर्षं उभा असलेला मंडप आज पडेल हे कुणाला खरं वाटेल? आणि सांगतंय कोण, तर महिनाभर इंच मोजत सगळ्यांचं डोकं खाणारी बायको.

तरी दुपारपर्यंत थांबू म्हणाले. तेवढा मान ठेवला.

आम्ही सगळे शेडपाशी बसून राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले. मंडप होता तसा. वारा नाही, काही नाही. ऊन पडलेलं, घड चमकत होते. बाया गप्पा मारायला लागल्या. कंपनीचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "मॅडमला जरा शंका आहे." मी मंडपाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पड. देवाला म्हणत होते, पाड बाबा, आत्ताच पाड. माझी स्वतःची बाग, सासऱ्यांनी लावलेली, वर्षभर मी औषधं लिहून ठेवलेली. ती पडावी म्हणून मी हात जोडून बसले होते. निम्मं त्या बायांसाठी म्हणत होते. निम्मं मी खरी ठरावी म्हणून. हेही लिहून ठेवते.

पडला नाही.

जेवणं झाल्यावर हे उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे म्हणाले, "दोन वाजता आत जायचं. साधना, भीतीवर बाग चालत नाय."

मी कोपऱ्याकडे गेले. पुन्हा भेग बघायची एवढंच मनात होतं. जाताना औषधांच्या खोलीतून पाना घेतला. म्हणजे एवढंच मनात नव्हतं.

भेग तेवढीच होती. सकाळएवढीच, दोन बोटं. वाढली नव्हती. हे मी इथे स्पष्ट लिहिते. तिसरं बोट घालायचा प्रयत्न केला, गेलं नाही.

वळून पाहिलं तर बायडाबाई कॅरेट घेऊन एकटीच ओळीकडे निघालेली. दोनच्या आत. पहिली कात्री तिची. माझ्यापासून पन्नासेक पावलांवर होती. मी ओरडले, "बायडाबाई, आधी मला पाणी आणा, चक्कर येतेय." ती कॅरेट तिथेच टाकून शेडकडे पळाली. मी वाकून ओळींमध्ये पाहिलं. आत कुणी आहे का म्हणून तीन हाका मारल्या. कुणी नव्हतं.

कोपऱ्याच्या जाड ताणाला खाली एक क्लॅम्प असतो, दोन नटांचा. तार त्यात आवळलेली असते. मी बाजूला उभी राहिले, तारेच्या रेषेत नाही, एवढं भान होतं. पहिला नट गंजला होता, जोर लावावा लागला. दुसरा सहज फिरला. तार क्लॅम्पमधून किंचाळत निघाली. मग काहीच झालं नाही, मी दोन श्वास घेतले असतील. मग कोपऱ्यातला खांब आत झुकला, त्याच्या शेजारचा झुकला, आणि दोरी तुटल्यावर वाळत घातलेली गोधडी यावी तसा मंडप ओळीमागून ओळ खाली येत गेला, पश्चिमेच्या बांधापर्यंत. ह्यांचे बांबू काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले. धुरळा हळूहळू बसला.

बायडाबाई तांब्या घेऊन आली होती. तिने तो माझ्या हातात दिला. मी पाणी प्याले.

मग ती रडायला लागली, आणि बाकीच्याही. ह्यांनी दोनदा माणसं मोजली. दोन्ही वेळा सगळी भरली. मग बांधावर खाली बसले आणि मला म्हणाले, "तू नसतीस तर." माझा हात धरला, सगळ्यांसमोर. तळव्याला पान्याचा गंज लागलेला होता. ह्यांनी पाहिला नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काल आणि आज पडलेल्या मंडपाखालून हाताला लागेल तो माल काढला. परदेशी जाण्यासारखा त्यात काही नाही, बेदाण्याला जाईल. गावातून माणसं बघायला येतात आणि मंडप बघून झाला की मला बघतात. निवृत्तीही आला होता. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला आधीच कळतं." मी आत निघून गेले.

दुपारी केरू शेडमागे आला. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. क्लॅम्प. मोडलेला नाही, वाकलेला नाही. दोन्ही नट शेवटपर्यंत सोडवलेले, आट्यांवर पान्याच्या ताज्या खुणा.

"कोपऱ्यात पडलं व्हतं," तो म्हणाला. "शेठला दावलं नाय. कंपनीवाल्याला बी नाय."

मी विचारलं, "केरू, तो पडलाच असता ना?"

त्याने क्लॅम्प उचलून एक नट आट्यांवर फिरवून पाहिला. त्याने चटकन हो म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. "काय म्हायीत, बाई," तो म्हणाला. "दुपारी पडला असता. नायतर माल निघाल्यावं हलका झाला असता आन् राहिला असता. त्यो आता कुनालाच नाय कळायचं."

मग जाताना थांबला. "बायडी पयली जानार व्हती," एवढंच म्हणाला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

विक्रेत्यांचे फोन आले, पिवळ्याचाही आणि नारंगीचाही. ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवून दोघांना सांगितलं, "माझी बायको म्हणंल ते." माहितीपत्रकं मागितली नाहीत, किंमत विचारली नाही. मी नारंगी म्हटलं. मागची फळी बंद करायची नाही म्हटलं. ह्यांनी मान डोलावली. मी पांढऱ्या कावळ्याचं पीस म्हटलं असतं तरी डोलावली असती.

महिनाभर ह्यांनी माझं ऐकावं म्हणून जीव आटवला. आता ऐकतात, आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते. खरं सांगितलं तर पुन्हा कधीच ऐकणार नाहीत, आणि पुढच्या वेळी एखादी भेग खरोखर वाढत असेल. नाही सांगितलं तर मी चुकेन त्या दिवशी मला अडवणारं घरात कुणी उरलेलं नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज ओढ्यापलीकडच्या आमच्या दुसऱ्या बागेची काढणी. तिथले ताण धडधाकट आहेत, तिथे मशीन गेलंच नव्हतं. सकाळी सगळीकडे टेप लावली. कुठे सात फूट, कुठे पाऊण इंच कमी. पाऊण इंच म्हणजे मालाचं वजन की आणखी काही, हे टेप सांगत नाही.

मी टेप गुंडाळून मागे वळले. अठ्ठावीस बाया टोप्या घालून ओळींच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि एकही आत गेली नव्हती. बायडाबाईसुद्धा नाही. कंपनीचा माणूस उभा होता, हे उभे होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत. केरू पुढे आला. त्याला सगळं माहीत आहे, तरी त्याने टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "बाई, जाऊ का आत?"

मी म्हटलं, "जा." आणि बायडाबाईच्या हातातली कात्री घेऊन तिच्या आधी मी आत शिरले.